व्हॉट्सॲपवरील कृषिसल्ला : निरोप आणि उत्तर

शेतीत सल्ला चुकीचा मिळाला तर जितके नुकसान होते, जवळजवळ तितकेच तो उशिरा मिळाला तरी होते. पाऊस येणार ही वार्ता पथारीवरची मिरची भिजून गेल्यावर कळली, तर तिचा उपयोग कोणाला? नंदुरबार शहराच्या आसपास ओली लाल मिरची खरेदी करून ती उघड्या माळावर पसरून वाळविण्याचा मोठा व्यवसाय आहे. या वाळवणाच्या जागांना पथारी म्हणतात. मिरची पसरलेली असताना अवकाळी पावसाची एक जोराची सर आली, तरी माल काळा पडतो, सडतो आणि व्यापारी, मजूर व शेतकरी या तिघांच्याही हिशेबाची घडी विस्कटते. तीच सर येण्याची सूचना एक दिवस आधी मिळाली, तर माल गोळा करून त्यावर ताडपत्री टाकता येते. सारा फरक त्या एका दिवसाचा असतो.

हा एक दिवस मिळवून देण्याचे सामर्थ्य आज शेतकऱ्याच्या खिशातील मोबाईलमध्ये आले आहे. पूर्वी दवंडी होती, चावडीवरचा फळा होता, पुढे आकाशवाणी आली, दूरचित्रवाणी आली. आता गावोगावी व्हॉट्सॲपचे गट आहेत. २००९ साली अमेरिकेत निघालेली ही सोय २०१४ मध्ये फेसबुक कंपनीने विकत घेतली. २०१३ पासून तीवर बोलून निरोप पाठविता येऊ लागला आणि २०१५ पासून ती संगणकावरही उघडता येऊ लागली. पूर्वी एका गटात २५६ माणसे मावत; २०२२ पासून ती मर्यादा १,०२४ पर्यंत गेली आहे. म्हणजे एका मध्यम गावातील सर्व खातेदार एका गटात बसू शकतात. साधन हाताशी आहे, ते स्वस्त आहे आणि लोकांना त्याची सवय झाली आहे. प्रश्न एवढाच उरतो, की कृषिविस्ताराच्या कामात या साधनाचा उपयोग नेमका कसा केला जात आहे?

याचे उत्तर फारसे समाधानकारक नाही. बहुतेक गटांतून व्हॉट्सॲपचा उपयोग चावडीवरच्या फळ्यासारखा केला जातो. वरून आलेले पत्रक खाली ढकलले, की काम झाले असे मानण्यात येते. पत्रकाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या म्हणजे निरोप वाचला गेला, आणि वाचला गेला म्हणजे तो समजला, अशीही एक सोयीस्कर समजूत रूढ होत चालली आहे. फळ्यावर लिहिलेल्या मजकुराला शेतकरी उलट प्रश्न विचारू शकत नव्हता; तो त्या साधनाचा दोष होता. व्हॉट्सॲपमध्ये तो दोष नाही. येथे शेतकरी बोलू शकतो, छायाचित्र पाठवू शकतो, रोगट पान दाखवू शकतो. असे असता त्याच्याशी फळ्यासारखेच वागावयाचे असेल, तर फळा काय वाईट होता? तो निदान चार्ज करावा लागत नसे.

या संदर्भात महाराष्ट्रातच झालेल्या एका जुन्या प्रयोगाची आठवण करून देणे अगत्याचे आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांसाठी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतील १५० गावे निवडण्यात आली. आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचे, असे एकूण २० कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात सुमारे वीस माणसांचे मंडळ एकत्र बसून कार्यक्रम ऐके. कार्यक्रम संपला म्हणजे मंडळी उठून जात नसत. ऐकलेल्या विषयावर चर्चा होई, आपल्या गावात यांतले काय करता येईल हे ठरे, आणि मंडळाचा चिटणीस प्रश्न व शंका लिहून आकाशवाणीकडे पाठवी. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. ज्या गावांत अशी मंडळे होती तेथील लोकांच्या माहितीत मोठी भर पडली; जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे भर पडली ती पुष्कळच कमी, असे त्या पाहणीत दिसून आले. रेडिओ दोन्हीकडे तोच होता आणि आवाजही तोच होता. कमी होती ती एकत्र बसण्याची, विचारण्याची आणि उत्तर मिळण्याची. १९५९ पासून ही योजना देशात इतरत्र नेण्यात आली, ती याच अनुभवाच्या बळावर.

त्या काळी प्रश्न टपालाने जात असे आणि उत्तर येण्यास आठवडा लागे. आज ते काम दहा मिनिटांचे आहे. तरीही आजच्या गटांतून प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर दोष यंत्राचा नव्हे.

मिरचीचेच उदाहरण पुढे घेऊ. लागवडीनंतर काही आठवड्यांत मिरचीची पाने वळू लागली म्हणजे शेतकरी म्हणतो, ‘बोकड्या आला.’ परंतु बोकड्या हे एका रोगाचे नाव नव्हे. ते एका लक्षणाचे नाव आहे, आणि त्या लक्षणामागे निदान तीन निरनिराळी कारणे असू शकतात. फुलकिड्यांनी रस शोषला असेल तर पानाच्या कडा वरच्या बाजूस वळतात आणि पान होडीसारखे दिसते. कोळी या अतिसूक्ष्म किडीचा उपद्रव असेल तर कडा खाली वळतात, म्हणजे होडी पालथी होते, आणि पानाचे देठ लांबट दिसू लागतात. पांढऱ्या माशीने पसरविलेला विषाणू असेल तर पाने बारीक राहतात, शिरा जाड होतात आणि झाडच खुजे राहते. आता उपाय पाहा. पाण्यात मिसळणारे गंधक कोळ्यावर चालते, फुलकिड्यांवर त्याचा भरवसा नाही. फुलकिड्यांसाठी वापरावयाची बरीचशी कीटकनाशके कोळ्याला दादही देत नाहीत. विषाणू झाडात शिरल्यावर तर कोणतेही औषध त्या झाडाला बरे करू शकत नाही. अशी झाडे आरंभीच उपटून नष्ट करावी लागतात आणि उरलेल्या पिकावरील पांढरी माशी आटोक्यात ठेवावी लागते. कडा वर वळली की खाली, एवढ्या एका गोष्टीवर शेतकऱ्याचे हजारो रुपये अवलंबून असतात.

गटात मात्र काय येते? बहुधा एकच छायाचित्र येते, तेही बांधावर उभे राहून, उन्हाकडे तोंड करून काढलेले. खाली एक ओळ असते : ‘साहेब, औषध सांगा.’ साहेबांनी उत्तर देण्यापूर्वीच गटातील तिघेजण तीन औषधांची नावे लिहून मोकळे होतात. कोणी तिन्ही एकत्र करून मारा असेही सुचवितो. सायंकाळपर्यंत फवारणी झालेली असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती. तथापि औषधांची मनमानी मिश्रणे किती घातक ठरू शकतात, हा धडा त्या वर्षी सर्व महाराष्ट्राला मिळाला. औषधाचे नाव, त्याचे प्रमाण आणि फवारणीची काळजी या तीन गोष्टी एकत्र नसतील तर असा सल्ला गटात ठेवूच नये, मग तो देणारा कितीही अनुभवी असो.

म्हणून छायाचित्र कसे काढावे हे शेतकऱ्याला शिकविणे, हे आज विस्ताराच्या कामातील पहिले पाऊल मानले पाहिजे. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण ती क्षुल्लक नाही. एक छायाचित्र संपूर्ण झाडाचे, एक पानाच्या वरच्या बाजूचे, एक खालच्या बाजूचे आणि एक सबंध शेताचे, असे चार हवेत. पान हातात धरून, स्वतःच्या सावलीत, मोबाईल स्थिर ठेवून काढावे. कीड लहान असेल तर शेजारी बोट किंवा नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो. व्हॉट्सॲप छायाचित्र पाठविताना ते हलके करते, त्यामुळे बारीक कीड पुसट होते. जेथे नेटवर्क बरे असेल तेथे छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास ते मूळच्या स्पष्टतेनिशी पोहोचते. आणि छायाचित्रासोबत वाण, लागवडीची तारीख, शेवटची फवारणी कशाची व केव्हा केली, पाणी केव्हा दिले, एवढे बोलून पाठवावे. लिहिण्याची आवश्यकता नाही. अर्ध्या मिनिटाचे बोलणे पुरे आहे.

बोलण्याचा मुद्दा आला म्हणजे भाषेचा विचार टाळता येत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते आणि साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यातील सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी होते. घरोघर भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी बोलली जाते. अशा जिल्ह्यात ‘आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास एकात्मिक कीड व्यवस्थापन पद्धतीचा अवलंब करावा’ असे वाक्य गटात टाकणे म्हणजे निरोप न पाठविण्यासारखेच आहे. धडगावच्या एखाद्या पाड्यावर हे वाक्य वाचणारा शाळकरी मुलगा असतो आणि ऐकणारा त्याचा आजा. मुलाला अक्षरे कळतात, शेती कळत नाही. आज्याला शेती कळते, ही मराठी कळत नाही. मधल्या मधे सल्ला हरवतो. तीच गोष्ट गावातल्याच एखाद्या कार्यकर्त्याने पावरीत, आपल्या रोजच्या आवाजात सांगितली, तर आजा ती दोनदा ऐकतो आणि शेजाऱ्यालाही ऐकवितो. बोललेला निरोप हे या साधनाचे सर्वांत मोठे देणे आहे, आणि या जिल्ह्याला त्याची जितकी गरज आहे तितकी राज्यात फार थोड्या ठिकाणी असेल. दुर्दैवाने कार्यालयीन सवय लेखी मजकुराची आहे. कागदावर सही करता येते, आवाजावर येत नाही, हे त्याचे कारण असावे. पण मूळ सल्ला लेखी ठेवून त्याचे बोललेले रूप गावकामगारांनी आपापल्या बोलीत करावे, असे ठरविल्यास कोणत्याही नियमाचा भंग होत नाही. निरोप मात्र दीड मिनिटाहून मोठा नसावा. त्यापुढे ऐकणाऱ्याचा अंगठा थांबत नाही.

दुसरी अडचण डोंगराची आहे. तापीकाठच्या शहादे, तळोदे, नंदुरबार या सपाटीच्या भागात नेटवर्कची तक्रार फार नाही. सातपुड्यात, विशेषतः अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या नर्मदेकडील उतारावरच्या पाड्यांत, परिस्थिती निराळी आहे. तेथे मोबाईल असूनही तो घरी गप्प असतो. धडगावच्या किंवा मोलगीच्या बाजाराला माणूस आला, की आठवडाभराचे सगळे निरोप एकदम खिशात घणघणू लागतात. सोमवारची पावसाची सूचना आणि रविवारची उघडिपीची सूचना त्याला एकाच क्षणी मिळते. त्यांतली खरी कोणती? त्यातून निरोप एका गटातून दुसऱ्या गटात पुढे ढकलला, की मूळ तारीख नाहीशी होते. पुढे ढकलल्याची वेळ तेवढी दिसते. ‘येत्या ४८ तासांत जोरदार पाऊस’ हा निरोप अशा रीतीने वर्षभर फिरू शकतो.

याकरिता प्रत्येक कृषिसल्ल्याच्या पहिल्याच ओळीत तारीख, तालुका आणि तो कोठवर लागू आहे ते असावयास हवे. बोललेल्या निरोपातही पहिले वाक्य तेच असावे. भारतीय हवामान विभागाचा कृषिहवामान सल्ला आठवड्यातून दोन वेळा, मंगळवारी व शुक्रवारी निघतो. गटात तो टाकताना ‘हा सल्ला अमुक तारखेपर्यंतचा आहे’ एवढे शब्द जोडण्यास काहीच श्रम नाहीत. हे केवळ पावसापुरते नाही. मिरचीवरील कोळ्यासाठी डायकोफॉल फवारा, हा सल्ला एके काळी सर्वमान्य होता. केंद्र सरकारच्या २०२३ च्या आदेशाने डायकोफॉलवर बंदी आली. जुना, बिनतारखेचा निरोप मात्र बंदी मानत नाही. तो कोणाच्या तरी मोबाईलमध्ये जपून ठेवलेला असतो आणि चांगल्या हेतूनेच पुढे पाठविला जातो. राज्यातील एक रुपयात पीकविमा ही योजना २०२३ च्या खरिपात सुरू झाली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. तिचे जुने पत्रक पाहून एखादा शेतकरी रुपयाच्या भरवशावर शेवटच्या दिवसापर्यंत थांबला, तर त्याचा विमा बुडेल. अशा वेळी गटप्रमुखाने तो निरोप नुसता काढून टाकणे पुरेसे नसते, कारण तोवर तो पुष्कळांनी वाचलेला असतो. काढून टाकून त्याच जागी खरी माहिती लिहावी लागते.

मोबाईल कोणाच्या हाती असतो, हाही विचार करण्यासारखा विषय आहे. दिवाळीनंतर या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांतून माणसे ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी गुजरातेत जातात. कर्त्या पुरुषाबरोबर मोबाईलही जातो. मग हरभऱ्यावरील घाटे अळीचा सल्ला बारडोलीच्या फडात पोहोचतो, आणि हरभरा राखणारी त्याची म्हातारी आई अक्कलकुव्यात असते. मिरचीची लागवड, निंदणी आणि तोडणी यांत बायकांचेच हात अधिक असतात. पाने वळू लागल्याचे प्रथम त्यांनाच दिसते. तरी गटातील नावे पाहिली तर बायकांची नावे बोटांवर मोजण्याइतकीच आढळतात. गावचा गट म्हणजे गाव नव्हे, हे कार्यकर्त्याने सतत ध्यानात ठेवले पाहिजे. बचत गटांच्या बैठका गावोगावी होतात, काही ठिकाणी कृषी सखी काम करतात. अशा एकीच्या मोबाईलवर आलेला निरोप बैठकीत सर्वांना ऐकविला आणि त्यांचे प्रश्न तिनेच बोलून परत पाठविले, तर एका मोबाईलवर वीस घरांचे काम होईल. १९५६ च्या श्रोतृमंडळात तरी काय होते? रेडिओ गावात एकच होता.

येथवर जे सांगितले त्यात नुकसान झाले तर ते पिकाचे किंवा पैशाचे. त्याहून भयंकर नुकसान निरोपाने होऊ शकते, आणि ते या जिल्ह्याच्या अगदी शेजारी झालेले आहे. नवापूरला लागून असलेल्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा हे आदिवासी वस्तीचे गाव आहे. १ जुलै २०१८ या रविवारी तेथे आठवड्याचा बाजार होता. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून सर्वत्र पसरली होती. त्या बाजारात भिक्षेसाठी आलेल्या, भटक्या डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने याच संशयावरून मारून टाकले. ती माणसे निरपराध होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दिसू लागली. २०२० मध्ये, वारंवार पुढे ढकलला गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे आणखी कडक बंधन आले.

पण कंपनीची बंधने ही कुंपणासारखी आहेत. शेत राखावयाचे ते राखणदारालाच. ज्या गटात शेतीचा सल्ला येतो त्याच गटात अशी अफवा आली, तर सल्ल्यामुळे गटाला मिळालेली पत अफवेलाही मिळते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. ‘कृषी खात्याच्या गटात आले होते’ हे वाक्य गावात पुराव्यासारखे चालते. म्हणून गटप्रमुख असलेल्या कार्यकर्त्याची जबाबदारी केवळ शेतीच्या मजकुरापुरती राहत नाही. अनोळखी माणसाविषयी, मुले पळविण्याविषयी, एखाद्या जातीविषयी किंवा धर्माविषयी काही आले, तर ते तत्काळ काढून, पाठविणाऱ्याशी प्रत्यक्ष बोलून, आवश्यक तर पोलीस पाटलाला कळवून त्याने मोकळे व्हावे. ‘मी पाहिले नव्हते’ हे उत्तर गट चालविणाऱ्याला शोभत नाही. ज्याला दिवसातून दोन वेळा गट पाहणे शक्य नसेल, त्याने गावातील एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला जोडीचा गटप्रमुख नेमावे, किंवा फक्त प्रमुखांनीच निरोप पाठवावा अशी गटाची मांडणी करावी. ही दुसरी वाट सोपी आहे. परंतु तीत शेतकऱ्याचे तोंड बंद होते. सकाळच्या फुलांच्या चित्रांना कंटाळून अनेक ठिकाणी ती पत्करली गेली आहे. फुलांची चित्रे सोसवतात. प्रश्न न येणे सोसवू नये.

फसवणुकीविषयी थोडक्यात सांगता येईल. पीएम किसानच्या नावाने एक फाइल अलीकडे गटागटांतून फिरते. ती उघडून मोबाईलवर बसविली की मोबाईलचा ताबा परक्याकडे जातो, बँकेतील पैसे जाण्याचा धोका निर्माण होतो, आणि तीच फाइल त्या माणसाच्या नावाने पुढच्या गटांत आपोआप जाऊ लागते. कोणतीही शासकीय योजना निरोपातून ॲपची फाइल पाठवीत नाही. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. व्हॉट्सॲप सुरू करताना येणारा सहा आकडी क्रमांक कोणालाही, ओळखीच्या माणसालाही, सांगू नये.

आता संगणकाविषयी. मोबाईलवरील व्हॉट्सॲप संगणकाला जोडता येते, हे बहुतेक कार्यकर्त्यांना माहीत असते, पण त्याचा उपयोग फार थोडे करतात. लांब सल्ला मोबाईलच्या पडद्यावर टंकण्यापेक्षा कळफलकावर नीट लिहावा, प्रमाणांचे आकडे दोनदा तपासावे आणि मग पाठवावा. एका औषधाच्या प्रमाणात दशांशचिन्ह चुकले, ०.४ च्या जागी ४ पडले, तर दहापट विष शेतात जाते. गटात आलेली छायाचित्रे गावनिहाय व तारखेनिहाय संगणकात जपून ठेवावीत. तीन वर्षांची अशी छायाचित्रे हाती असली, तर बोकड्या दरवर्षी कोणत्या आठवड्यात, कोणत्या शिवारातून सुरू होतो हे सांगता येईल. आज हे ज्ञान मोबाईल भरला की पुसून टाकले जाते. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचेही तसेच. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले म्हणजे उपाययोजनेची वेळ झाली, हा नियम पुष्कळांना पाठ आहे. पाच गावांच्या सापळ्यांचे आकडे रोज सकाळी एका ठिकाणी आले, तर सहाव्या गावाला दोन दिवस आधी सावध करता येते. राज्याचा कीड सर्वेक्षण प्रकल्प २००९ पासून अशा नोंदी ठेवीत आला आहे. त्या नोंदी वर जातात तितक्याच वेगाने आडव्या, म्हणजे गावाकडून गावाकडे, जावयास हव्यात.

सेवा केंद्रातील किंवा दुसऱ्याच्या संगणकावर व्हॉट्सॲप उघडल्यास काम संपताच ते तेथून काढून टाकावे. नाहीतर पुढचा माणूस आपल्या नावाने निरोप पाठवू शकतो. आणि हेही विसरू नये, की ही सर्व सोय एका परदेशी खाजगी कंपनीची आहे. तिचे नियम उद्या बदलू शकतात. शेतकऱ्यांचे प्रश्न व दिलेली उत्तरे यांची नोंद कार्यालयाच्या स्वतःच्या वहीत किंवा संगणकात असली पाहिजे.

शेवटी ज्याच्यावर हे सारे अवलंबून आहे त्या माणसाविषयी. कृषी सहायकाचे नाव २०२५ मध्ये सहायक कृषी अधिकारी असे झाले. नाव बदलले, गावे तितकीच राहिली. त्याच्या मोबाईलवर शेतकऱ्यांच्या गटांबरोबर कार्यालयांचेही गट असतात. अमुक वाजेपर्यंत अहवाल, तमुक कार्यक्रमाची छायाचित्रे, ही मागणी दिवसभर चालू असते. ती न पुरविल्यास विचारणा होते. शेतकऱ्याने पाठविलेल्या पानाच्या छायाचित्राला उत्तर न दिल्यास मात्र कोणी विचारीत नाही. ज्या बाजूने विचारणा होते त्या बाजूस माणूस आधी पाहतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. विचारणाच दुसऱ्या बाजूनेही व्हावयास हवी. तालुक्याच्या आढावा बैठकीत किती छायाचित्रे वर आली याबरोबर, किती प्रश्न आले, त्यांपैकी किती प्रश्नांना एका दिवसात उत्तर गेले आणि किती प्रश्न राहिले, एवढे तीन आकडे विचारले जावेत. ‘उद्या सकाळी शेतावर येऊन पाहतो’ हेही उत्तरच धरावे. ‘मला ठाऊक नाही, कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारून सांगतो’ हे तर उत्तम उत्तर होय, कारण त्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसतो. उत्तर मिळेपर्यंत ज्याला थांबवत नाही त्याने किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विनामूल्य विचारावे.

आणि ज्या पाड्यांवर नेटवर्क नाही त्यांच्यासाठी बाजाराचा दिवस आहे. धडगाव आणि मोलगी येथे बाजाराच्या दिवशी एक कार्यकर्ता ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी बसावा. आठवड्यातील निरोपांपैकी जे शिळे झाले ते त्याने वगळावेत, जे लागू आहेत ते बोलीत ऐकवावेत, आणि पाने, शेंगा, अळ्या घेऊन आलेल्यांचे प्रश्न आपल्या मोबाईलवरून पुढे पाठवावेत. त्यांची उत्तरे पुढच्या बाजारी त्याच जागी मिळतील, एवढे त्याने सांगावे आणि पुढच्या बाजारी तेथे हजर असावे.